ताब्याच्या आधीचे आठ दिवस

जिल्हा न्यायालयानं माझ्या अशील बाईंचा हिस्सा आठ आण्यांवरून चार आण्यांवर आणला, त्या दुपारी मी त्यांना कोर्टासमोरच्या टपरीवर चहा प्यायला नेलं. त्यांनी चहा बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरून बसल्या. त्यांचे यजमान शेजारी उभे होते. त्यांना फारसं दिसत नव्हतं, त्यामुळे ते बोलणाऱ्याच्या आवाजाकडे मान वळवत.

“पहिल्या कोर्टानं देल्लं, ते या कोर्टानं काढून घेतलं. असंच ना, वकीलबाई?”

“या कोर्टानं आपल्या मनानं नाही काढलं. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो खालच्या सगळ्या कोर्टांना पाळावाच लागतो. या जजसाहेबांच्या हातात काही नव्हतं.”

“वरतं जाता येते का मंग?”

“काही उपयोग नाही,” मी म्हणाले.

त्यांनी विचारलं होतं, जाता येतं का. मी उत्तर दिलं ते उपयोगाचं. उच्च न्यायालयात दुसरं अपील करायला नव्वद दिवस मिळतात, आणि तेही इथंच, नागपूरच्या खंडपीठात करता येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. लपवायचं असं काही मनात नव्हतं. ते सांगण्यासारखं आहे असंच मला वाटलं नाही. त्यांनी मान हलवली, बशीतला गार चहा परत कपात ओतला आणि कप तसाच ठेवून त्या उठल्या.

बाई खापा गावच्या. यजमान हातमागावर लुगडी विणायचे. नजर गेली तसा माग बंद पडला आणि बाई शाळांचे गणवेश शिवून घर चालवू लागल्या. दोन मुली. माहेर पारशिवनीच्या बाजूचं एक लहान गाव. तिथं वडिलांचं आठ एकर वावर होतं: नाल्याला लागून काळी जमीन, तिच्यात विहीर, आणि वरच्या अंगाला बरड, नुसता खडकाळ माळ. आई आधी गेली, मग वडील. मागे ही दोघंच, एक भाऊ आणि एक बहीण. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर एकट्या भावाचं नाव लागलं. बाईंना हे कितीतरी वर्षांनी, कसल्याशा दाखल्यासाठी तलाठ्याकडे गेल्यावर कळलं. तिथून त्या तशाच भावाच्या दारी गेल्या. भाऊ म्हणाला, “तुले लग्नात देल्लं ना बाबानं. आता काहून आली वं?”

त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. नागपुरातल्या नंदनवन भागात माझ्या घराच्या पुढच्या खोलीतच माझं ऑफिस आहे. त्या दिवशी त्या एकट्या नव्हत्या, सोबत चुलत बहीण होती. दोघींच्या मांडीवर कागदांच्या सारख्याच पिशव्या. चुलत बहिणीची तक्रारही हीच. दोघींच्या वडिलांनी, म्हणजे सख्ख्या भावांनी, आपसात जमीन कधीच वाटून घेतली होती, त्यामुळे आठ-आठ एकराची दोन वावरं एका धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, एकमेकांना लागून होती. दोघींना एकेकच भाऊ. दोघींचे वडील एकाच वर्षी वारलेले. मी दोघींना एकच गोष्ट समजावून सांगितली. माझ्या बाई माझ्याकडे राहिल्या. चुलत बहिणीच्या जावयाच्या ओळखीचे एक वकील होते, ती त्यांच्याकडे गेली. ते वकील मोठे हसतमुख, पण तारखा घेण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी मात्र विनाकारण तारीख घेत नाही अशी माझी ओळख होती, आणि तिचा मला अभिमान होता.

इथं कायद्याचं थोडं सांगायला हवं. पूर्वी वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मापासून हक्क असे, मुलीला नसे. बाप मेला की त्याच्या वाट्यातला तुकडा काय तो तिला मिळे. मग कायदा बदलला आणि मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. एक भाऊ, एक बहीण असेल तर जुन्या रीतीनं बहिणीला रुपयातले चार आणे, नव्या रीतीनं आठ. पण ज्यांचे वडील हा बदल येण्याआधीच वारले होते त्यांचं काय, याचं उत्तर सरळ कुठं लिहिलेलं नव्हतं. तालुक्याच्या कोर्टानं माझं म्हणणं मानलं आणि आठ आणे दिले. भाऊ अपिलात गेला. अपील चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दुसऱ्या राज्यातल्या कुणा मुलीच्या प्रकरणात ठरवलं, की कायदा बदलला त्या दिवशी बाप जिवंत असायला हवा. माझ्या बाईंचे वडील त्याच्या तीन वर्षं आधी गेले होते. संपलं.

मी तो निकाल निमूटपणे मानला, आणि का मानला हे सांगायचं तर माझ्या वडिलांकडे जावं लागतं. ते सरकारी कचेरीत कारकून होते. आमचं घर दीक्षा घेतलेल्यांचं. आजोबांनी घरातले देव काढले तेव्हा वडील लहान होते. देवाच्या जागी त्यांच्या मनात नियम बसला. जेवताना ते कचेरीतल्या फायलींबद्दल बोलत. अमक्याला जी सवलत दिली ती तमक्याला का नाकारली, याचा त्यांना खरोखरचा त्रास व्हायचा, घास हातात राहायचा. “काल एकाले देल्लं तं आज दुसऱ्याले देनंच पडते,” ते म्हणायचे. “नाही तं मंग आडनाव पाहूनच काम होईन.” मी वकील झाले ती या बोलण्यातून. आधीचा निकाल पुढच्या कोर्टानं पाळायचा, ही गोष्ट कॉलेजात बाकीची मुलं पाठ करायची. मला ती घरची वाटायची. त्यामुळे तो निकाल उलटा गेला तेव्हा मी त्याच्यापुढे मान झुकवली, आणि झुकवली यातच मला एक प्रकारचा प्रामाणिकपणा वाटला.

बाई म्हणाल्या, “जे आहे ते तरी लवकर हातात द्या जी.” शेतजमिनीचं वाटप कोर्टाच्या निकालानं पुरं होत नाही. कागद महसूलकडे जातात, मोजणी होते, खुणा रोवतात, मग ताबा मिळतो. अशा फायली वर्षानुवर्षं पडून असतात. मी ती पडू दिली नाही. दर आठवड्याला कचेरीत जायची. साहेब मीटिंगला असले तर बाहेरच्या बाकावर बसून राहायची. दोन वर्षांच्या आत मोजणी झाली. बार रूममध्ये लोकांनी माझं कौतुक केलं. तिकडे चुलत बहिणीचा दावा तालुक्याच्या कोर्टातच होता. कधी तिच्या वकिलांची तब्येत, कधी साक्षीदार नाही, कधी लग्नसराई. ती खाप्याला येऊन माझ्या बाईंजवळ रडायची, आणि बाई तिला सांगायच्या, “माही वकीलबाई पाह्य, कशी लागली राहते.”

ताब्याला आठ दिवस राहिले होते. दुपारी लायब्ररीत दुसऱ्याच कामाचं काही शोधताना मला सर्वोच्च न्यायालयाचा एक नवा निकाल दिसला. तोही दोन न्यायमूर्तींचाच. त्यातही वडील कायदा बदलण्याआधी वारलेले होते, आणि तरी मुलींना मुलांइतकाच हिस्सा दिला होता. आधीचा निकाल चुकला असं त्यात कुठं म्हटलेलं नव्हतं. मी तो दोनदा वाचला. दोन्हीकडे दोन-दोनच न्यायमूर्ती, म्हणजे कोणी कोणाचा निकाल मोडू शकत नाही. आज ना उद्या हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जाणार, हे कोणाही वकिलाला समजलं असतं. आणि मला आणखी एक गोष्ट माहीत होती. वाटप पुरं होऊन ताबा मिळेपर्यंत ठरलेला हिस्सा बदलून मागता येतो. ताबा मिळाला की दार बंद.

मी कागद घेतला. वर कोर्टाचं नाव लिहिलं, दाव्याचा नंबर लिहिला, खाली ‘ताबा स्थगित ठेवण्याबाबत अर्ज’ असं लिहिलं. मग पेन थांबलं. अर्ज नामंजूर झाला तर? मंजूर झाला तर आणखी किती वर्षं? बाई थकल्या आहेत, नवऱ्याचं असं. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या खाली एक कारण होतं ते जास्त खरं होतं. दोन वर्षं मी ज्या साहेबांच्या मागे लागून मोजणी करून घेतली, त्यांच्यासमोर जाऊन आता ‘थांबा’ म्हणायची मला लाज वाटली. मी कागदाची घडी घातली आणि फायलीत ठेवली. बाईंना फोन केला नाही.

ताब्याच्या दिवशी आम्ही वावरात गेलो. मंडळ अधिकारी होते, मोजणीवाले होते, गावातले दोन पंच होते. भाऊ खांद्यावर दुपट्टा टाकून लांब उभा होता. खुणेचे दगड रोवले गेले. बाईंच्या वाट्याला वरचे दोन एकर आले. विहीर चाळीस पावलं पलीकडे, भावाच्या हद्दीत राहिली.

“साहेब, पानी कुठून घेऊ मी?” बाईंनी विचारलं.

“ते आता बहीणभाऊ मिळून पाहून घ्या,” अधिकारी म्हणाले. भावानं दुपट्टा झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. बाईंनी ताबा पावतीवर सही केली. त्या दहावी शिकलेल्या, सही वळणदार. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “झालं ना आता? पुन्हा कोर्ट नाही ना?”

“नाही. आता हे कोणी उघडू शकत नाही.”

मी हे अभिमानानं म्हणाले होते. त्या वेळचा माझा आवाज मला आजही ऐकू येतो.

टाळेबंदीच्या वर्षी कोर्टं जवळपास बंद होती. पुढच्या खोलीत कोणी येत नसे. मी दुपारी तिथंच बसून मोबाइलवर वाचत असायची. तसाच एके दिवशी मोठ्या पीठाचा तो निकाल आला. तीन न्यायमूर्तींचं पीठ. मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, बाप त्या दिवशी जिवंत असो वा नसो. आधीचा निकाल बरोबर नव्हता. मी पहिल्यांदा काय शोधलं असेल तर संपलेल्या प्रकरणांचं काय म्हटलंय ते. जी चालू आहेत त्यांना फायदा मिळणार होता. जी संपली ती संपली.

पुढच्या वर्षी चुलत बहिणीला आठ आणे मिळाले. तिच्या वकिलांनी इतक्या तारखा घेतल्या होत्या, की नवा निकाल आला तेव्हा तिचा दावा जिवंत होता. ती पेढे घेऊन खाप्याला गेली. दोन दिवसांनी माझ्या बाई यजमानांचा हात धरून नंदनवनात आल्या. मी दार उघडलं तेव्हाच मला समजलं.

आधी त्यांनी यजमानांना खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, “माह्या बहिणीले आठ आने भेटले. वावराले वावर लागून आहे आमचं. बाप एकाच साली मेले. मंग मले चारच काहून?”

“तुमचा निकाल लागला तेव्हा कायदा तसा होता.”

“आता म्हणून राहिले का तो चूक होता.”

“हो.”

“तवा चूक नव्हता का?”

“तेव्हाही चूकच होता. नवा निकाल तसंच म्हणतो.”

“म्हंजे माहा हिस्सा चुकीचा हाय, हे कोर्टाले समजलं.”

“समजलं.”

“अन तरी दुरुस्त नाही करत.”

मी त्यांना समजवायला गेले. संपलेली सगळी प्रकरणं पुन्हा उघडली तर कोणाचाच निकाल पक्का राहणार नाही, ज्याला घर मिळालं त्याला त्या घरात शांत झोप लागणार नाही, असं काहीतरी. बाईंनी ऐकून घेतलं.

“माह्या भावाची झोप पाहून राहिले तुमी,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात यजमान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून हळूच बोलले. “वकीलबाई, वरतं जायाले नव्वद दिवस असते म्हणते. बहिणीचे वकील सांगत होते. आमाले कोनी सांगतलं नव्हतं.”

मी म्हणाले, उशीर माफ करायचा अर्ज देऊ, खंडपीठात जाऊ. अर्ज मीच लिहिला. त्यात उशिराचं कारण द्यावं लागतं. वकिलाच्या चुकीमुळे उशीर झाला असेल तर कोर्ट कधीकधी दया दाखवतं, हे मला माहीत होतं. मग मी लिहायला हवं होतं, की अपिलाची मुदत मीच सांगितली नाही, आणि ताब्याच्या आठ दिवस आधी उलट निकाल वाचूनही मी गप्प बसले. मी लिहिलं ते असं: ‘अर्जदार ही ग्रामीण भागातील अल्पशिक्षित स्त्री असून तिला कायद्याचे ज्ञान नव्हते.’ असल्या अर्जांत हे वाक्य नेहमीच असतं. हात आपोआप लिहितो. बाईंनी वाचलं, ‘अल्पशिक्षित’वर क्षणभर थांबल्या, आणि सही केली.

सुनावणीला त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. भावाच्या वकिलांनी तीन-चार जुने निकाल वाचून दाखवले. कायद्याचा अर्थ नंतर बदलला एवढ्यावर उशीर माफ होत नाही, असं सगळ्यांत होतं. मी जे बोलायचं ते बोलले. न्यायमूर्ती समजूतदार होते. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, तो जुना निकाल फिरला नसता तर तुम्ही आज इथं आला असता का?”

खोटं बोलता आलं असतं. “नाही,” मी म्हणाले.

“मग संपलेल्या किती फायली आम्ही उघडायच्या? शेवट कुठं करायचा?”

ज्युनिअर मुलींना मी हेच शिकवत आले होते, जवळजवळ याच शब्दांत. अर्ज नामंजूर झाला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर व्हरांड्यात यजमानांनी विचारलं, “काय म्हटलं?” बाई म्हणाल्या, “चाला घरी.”

पंधरा दिवसांनी त्या एकट्या आल्या आणि आपले सगळे कागद मागितले. मी फाइल काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्या एकेक कागद पाहून पिशवीत भरू लागल्या. ती घडी घातलेली अर्जाची सुरुवात अजून त्यातच होती. त्यांच्या हातात तो कागद आला, त्यांनी उलगडला, वाचला. कोर्टाचं नाव, नंबर आणि ताबा थांबवण्याचा मथळा, एवढंच लिहिलेलं, पुढे कोरा.

“हे काय हाय?”

मी सांगितलं. लायब्ररी, तो निकाल, आठ दिवस, साहेबांची लाज. नव्वद दिवसांचंही सांगितलं, आणि खंडपीठातल्या अर्जात खरं कारण न लिहिता त्यांच्यावर अज्ञान ढकललं तेही सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हते. त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहत होते.

“मले त्या आठ दिवसांत एक फोन केला असता तं?”

“ताबा थांबवता आला असता.”

“नक्की?”

“नक्की नाही. पण बहुतेक.”

“तुमी सांगतलं असतं तं मी थांबली असती,” त्या म्हणाल्या. “इतके साल थांबली, अजून थांबली असती. मले थांबाची सवय होती, वकीलबाई. तुमालेच नव्हती.”

त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते ऐकणं अधिक कठीण झालं. मी म्हणाले, वकिलांच्या परिषदेकडे माझ्याविरुद्ध तक्रार करता येते, घडलं ते सगळं मी स्वतः लिहून देते, ते आता कोणत्या कामी येईल ते सांगता येणार नाही.

“त्यानं वावर भेटते का?”

“बहुतेक नाही.”

“मंग राहू द्या.”

त्यांनी तो कागदही पिशवीत ठेवला. मला वाटलं होतं तो त्या टेबलावर टाकतील. दारात चप्पल घालताना त्यांचा तोल गेला, मी हात पुढे केला, त्यांनी चौकटीला धरलं.

लिहून द्यायची तयारी दाखवली खरी, पण त्यांनी ‘राहू द्या’ म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही इथं सांगून ठेवते.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. निकाल लागला की अशिलाला पुढचं कोर्ट कोणतं, मुदत किती, कोणते निकाल बाजूनं आणि कोणते विरुद्ध, हे सगळं मराठीत लिहून देते आणि त्यावर सही घेते. हे बरोबर आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. गेल्या वर्षी एक शिक्षिका आली होती. तिच्या केसमध्ये काही दम नव्हता. मी कागदावर मुदत लिहून दिली, ती अपिलात गेली, आणि आता प्रत्येक तारखेला रजा टाकून कोर्टाच्या बाकावर बसते. तिला मी पूर्वीसारखं ‘उपयोग नाही’ म्हटलं असतं तर ती आज शाळेत असती. ती प्रत्येक तारखेला मला विचारते, “मॅडम, निकाल बदलतात ना पण?” बदलतात, मी म्हणते. खोटं थोडंच आहे.

चुलत बहिणीचे वकील बार रूममध्ये भेटतात. एकदा ते हसत म्हणाले, “मॅडम, मी काहीच केलं नाही, म्हणून जिंकलो.” त्यांना मला टोचायचं नव्हतं. त्यांना ते खरंच गमतीचं वाटत होतं. मी हसले नाही, आणि मग आपण का हसलो नाही याचाही मला राग आला. वडील असते तर त्यांना विचारलं असतं: काल एकाला जे दिलं ते आज दुसऱ्याला द्यायचं, हे ठीक. पण काल जे चुकून नाकारलं त्याचं काय करायचं? कचेरीत अशी फाइल त्यांच्या टेबलावर कधी आली होती का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

या उन्हाळ्यात एका कामासाठी सावनेरच्या कोर्टात गेले होते. बाहेर निंबाखाली वकिलांची टेबलं असतात. एका तरुण वकील मुलीच्या टेबलाशी बाई बसलेल्या दिसल्या, सोबत धाकटी मुलगी. मी वळून जाणार होते, पण त्यांनी पाहिलं होतं.

“आल्या का?” त्या म्हणाल्या.

“हो. तुम्ही?”

“पोरीच्या पोटगीचं हाय. नवऱ्यानं टाकली. ह्या म्हणतात एक निकाल हाय, त्याच्यानं भेटून जाईन.”

वकील मुलीनं मला तो निकाल सांगितला. मला तो माहीत होता. त्याच्या उलट जाणारा दुसरा एकही माहीत होता, अलीकडचा. दुसऱ्याच्या टेबलाशी उभं राहून त्याच्या अशिलाला असं काही सांगायचं नसतं, ही आमच्यातली रीत आहे. मी सांगितलं. वकील मुलीचा चेहरा पडला.

बाईंनी पिशवीतून वही काढली, मागचं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे केलं. “लिहून द्या.”

मी निकालाचा नंबर लिहिला, कोर्ट लिहिलं, आणि खाली त्याचा अर्थ दोन ओळींत मराठीत लिहिला. त्यांनी पान माझ्यासमोरच पूर्ण वाचलं, ओठ हलवत. मग वही त्या वकील मुलीपुढे सरकवली आणि म्हणाल्या, “हे दोन्ही वाचून सांगा मले. मंग मी ठरवतो.”

माझा पुकारा झाला होता. मी निघाले तेव्हा त्या वहीवर वाकल्या होत्या आणि वकील मुलीला काहीतरी विचारत होत्या.